मदत हवी आहे: लडाखची छोटी ग्रुप टूर, दुसऱ्याच दिवशी नुब्रा. चालेल का?

मेहरूणकाठ
नमस्कार मंडळी. जळगावातल्याच एका टूरवाल्याकडे लडाखची ५ रात्री ६ दिवसांची टूर बघितली आहे. गाडी, गाईड, हॉटेल, जेवण सगळं त्यांचं. पहिल्या दिवशी लेहला पोचून आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात, मुक्काम हुंडरला. तिसऱ्या दिवशी श्योकच्या रस्त्याने थेट पँगाँग, मुक्काम तळ्याकाठी तंबूत. चौथ्या दिवशी चांग ला करून परत लेह, पाचव्या दिवशी गोंपा (बौद्ध मठ), सहाव्या दिवशी परतीचं विमान.

टूरवाला म्हणतो सगळे असंच करतात, काही होत नाही. मावसबहीण म्हणते एवढ्या उंचीवर लगेच मुळीच जाऊ नका. सोमवारी दुपारपर्यंत निम्मे पैसे भरायचे आहेत, नाहीतर जागा जातील. एवढंच सांगा, हा कार्यक्रम ठीक आहे की बदलून मागू? लवकर सांगा प्लीज.

सातपुडा_भटका
भाऊ, टूरच्या गाडीतून लडाख बघायचंच कशाला? मनालीहून बुलेट भाड्याने घ्या. अटल बोगदा, बारालाचा ला, सरचू, तांगलांग ला. वाटेत मोरे नावाचं सपाट पठार सुरू झालं की दोन्ही बाजूंना फक्त माती आणि आभाळ. पेट्रोलचा कॅन सोबत ठेवा, टांडीनंतर लवकर पंप नाही. चेन लुब्रिकंट आणि जादा क्लच केबल विसरू नका.

तापीकाठ
भटका, त्यांनी बाईकचं विचारलंच नाहीये. मेहरूणकाठ, आधी हे सांगा: कोण कोण जाणार, वयं काय, महिना कोणता, आणि दिल्लीहून विमानाने की रस्त्याने? त्याशिवाय कोणीही "ठीक आहे" म्हणालं तर ते धरू नका.

मेहरूणकाठ
भाऊ नाही, ताई. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. विमानानेच. आई, बाबा, मी आणि माझा मुलगा, सातवीतला. आई ६१, बाबा ६६. बाबा एकदम फिट आहेत, रोज पहाटे मेहरूण तलावाला फेरी मारतात. आता सांगा.

तापीकाठ
ताई, मग कार्यक्रम बदलूनच मागा. का ते सांगतो.

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. लेह ३,५०० मीटर. विमान दिल्लीहून तासा-सव्वा तासात तिथे उतरवतं. लेहच्या हवेत एका श्वासात जो प्राणवायू मिळतो, तो आपल्याकडच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. शरीर त्याला जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ व्यायाम करणाऱ्यालाही लागतो. तलावाची फेरी इथे कामाची नाही. तरणीताठी पोरं झोपून राहतात आणि आजीबाई गोंपाच्या पायऱ्या चढतात, असं लेहमध्ये नेहमी दिसतं.

लोक खारदुंग लाला घाबरतात कारण तो ५,३५९ मीटर आहे. पण तिथे आपण पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि उतरतो. नुब्रा तर लेहपेक्षा खाली आहे, हुंडर साधारण ३,१०० मीटर. खरी अडचण तुमच्या तिसऱ्या रात्री आहे. पँगाँग ४,२५० मीटरच्या आसपास. म्हणजे एका रात्रीत झोपायची जागा हजार मीटरहून जास्त वर गेली. ३,००० च्या पुढे झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा डोंगरात पाळतात तो साधा नियम. दिवसा कितीही वर जा, रात्री खाली झोपा.

टूर छोटी करायची म्हणून जो दिवस कापला जातो तो नेमका लेहच्या आरामाचा असतो. दोन रात्री लेहला पूर्ण मागा, तिसऱ्या दिवशी नुब्रा. पँगाँगचा मुक्काम काढून टाका.

अमळनेरची_सून
पँगाँग काढून टाका हे बोलायला सोपं आहे. लोक लडाखला जातातच त्या तळ्यासाठी. आम्ही राहिलो होतो, काही झालं नाही. पहाटे तळं आधी राखाडी दिसतं, मग पलीकडच्या डोंगराच्या टोकाला ऊन लागतं आणि पाण्यात निळ्याच्या तीन-चार छटा एकदम उमटतात. ते बघायचं तर मुक्कामच हवा. ताई, आई-बाबांना पुन्हा नेणार आहात का?

भुसावळकर
मी राहिलो होतो आणि झालं होतं. तंबूत रात्री बायको उठून बसली, म्हणे आडवं झालं की श्वास पुरत नाही. ओठ निळसर. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा सत्तरच्या घरात. आमच्या टूरच्या गाडीत सिलिंडर असेल असं सांगितलं होतं. होता, पण त्याचा मास्कच नव्हता. कॅम्पवाल्या लडाखी पोराने स्वतःच्या खोलीतला सिलिंडर आणून लावला, ड्रायव्हरला उठवलं आणि आम्ही अंधारातच निघालो. चांग लाच्या अलीकडे टांगत्सेपर्यंत खाली आलो तेव्हा तिला थोडं बरं वाटलं. त्यामुळे "आम्हाला काही झालं नाही" हे उत्तर देताना जरा विचार करा.

ताई, माझं ऐका, विमान सोडाच. झेलम एक्स्प्रेस जळगावला थांबते, थेट जम्मू. पुढे कटऱ्याहून श्रीनगरची वंदे भारत जून २०२५ पासून सुरू झाली आहे, चिनाबच्या पुलावरून जाते. श्रीनगर १,६०० मीटर, मग झोजी ला ओलांडून कारगिल २,६७६ ला मुक्काम, तिसऱ्या दिवशी लामायुरू बघत लेह. शरीर पायरी-पायरीने चढतं.

तापीकाठ
भुसावळकर, चढाईच्या हिशेबाने तुमचा रस्ता उत्तम आहे. पण नुसत्या श्रीनगर-लेहलाच दोन दिवस, अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. त्यात झोजी लाचा कच्चा पट्टा आणि मिलिटरीच्या ताफ्यांसाठी थांबणं. ताईंची टूर सहा दिवसांची आहे. तो वेळ कुठून आणणार?

भुसावळकर
सुट्टी वाढवायची. आई-बाबांना नेताय, भाजी आणायला चालला नाहीत.

औषधवाला_चोपडा
डायमॉक्स, उंचीच्या त्रासावरची गोळी. विषय संपला. निघायच्या आदल्या दिवशी सुरू करा, सगळे तेच करतात.

रावेरची_केळी
गोळ्या कशाला? कापराची पुडी रुमालात बांधून हुंगत राहा आणि रोज लसणाच्या दोन पाकळ्या. आमच्याकडचे सगळे अमरनाथला असंच गेले.

तापीकाठ
कापराने नाकाला गार वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि औषधवाले दादा, डायमॉक्स असं परस्पर सांगू नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरशी बोलावं लागतं, किडनीचा त्रास किंवा लघवीची गोळी चालू असेल तरी बघावं लागतं. ताई, घरात कोणाला बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही? तुम्ही ते लिहिलंच नाही.

औषधवाला_चोपडा
मी दुकानात बसतो भाऊ, मला माहीत आहे कोणाला काय द्यायचं. तरी डॉक्टरला विचारून घ्या, त्याला माझी ना नाही. पण गोळीने काही होत नाही असं कोणी म्हणू नये. ती श्वास वाढवते, जुळवून घेणं लवकर होतं, हे सिद्ध झालेलं आहे.

शिरपूरचे_सर
एक माहिती देतो. पाचवीपासून मुलांना वाळवंट म्हणजे राजस्थान असं शिकवलं की लडाखला वाळवंट का म्हणतात हे कळत नाही. अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिकामे होतात. पलीकडे लडाख पर्जन्यछायेत. लेहला वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या जळगावला ७०० च्या आसपास. तिथली शेती पावसावर नाही, हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर चालते. पाटाने आणलेलं पाणी जिथवर पोचतं तिथवर जव आणि जर्दाळू, त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं की नुसता धोंडा. हुंडरला वाळूच्या टेकड्या आहेत आणि दोन वशिंडांचे उंट. यारकंदकडून येणाऱ्या व्यापारी तांड्यांचे ते उंट, वाट बंद झाली तेव्हा मागे राहिलेल्यांचे वंशज. मुलाला हे आवर्जून सांगा, सातवीच्या पोराला ते कळेल.

मेहरूणकाठ
सर, धन्यवाद, मुलाला वाचून दाखवलं. पण मंडळी, मला सोमवारचं सांगा.

तापीकाठ दादा, आईला बीपीची एक गोळी आहे. बाबांची करोनानंतर अँजिओप्लास्टी झाली होती, एक स्टेंट आहे. पण आता काहीच त्रास नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

तापीकाठ
ताई. हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

पैसे भरायच्या आधी बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. फोनवर नको, कार्यक्रमाचा कागद घेऊन जा. कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार ते कागदावर लिहा, कारण "लडाखला जाऊ का" विचारलं तर उत्तर वेगळं येतं आणि "४,२५० ला तंबूत झोपू का, जवळचं मोठं हॉस्पिटल चार-पाच तासांवर" विचारलं तर वेगळं. ते कदाचित टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करायला सांगतील. आईच्या बीपीच्या गोळीत लघवीची गोळी मिसळलेली आहे का तेही विचारा. स्टेंट असलेले लोक लेहला जातात, नाही असं नाही. पण ते ठरवणारा मी नाही, टूरवाला तर नाहीच.

औषधवाला_चोपडा
स्टेंट असेल तर माझं वरचं उत्तर बाजूला ठेवा. आधी डॉक्टर.

नंदुरबारी
एवढं जोखमीचं आहे तर तोरणमाळला जा ना. यशवंत तलाव, सीताखाई, मेमध्येही रात्री गारवा. घरापासून एका दिवसात.

अमळनेरची_सून
नंदुरबारी, तोरणमाळ छानच आहे, पण त्यांनी लडाखचं विचारलंय.

ताई, स्टेंटचं कळल्यावर मीही तापीकाठच्या बाजूने. पँगाँग सोडा. बदल्यात लेहच्या पश्चिमेला शाम खोरं मागा: संगम, बाजगो, लिकिर, आलची. निम्मूजवळ हिरवट सिंधू आणि मातकट झंस्कार एकाच पात्रात कितीतरी अंतर वेगवेगळ्या रंगाच्या धारांनी चालतात. आलचीला तर गोंपा सपाटीवर आहे, जिना चढायचा नाही, आणि आतली भित्तिचित्रं कित्येक शतकांपूर्वीची. गाईडला म्हणावं टॉर्च आण, आत उजेड नसतो आणि फोटो काढू देत नाहीत. बाबांना ठिकसे गोंपाच्या पायऱ्यांपेक्षा हे झेपेल.

तापीकाठ
हे फार चांगलं सुचवलंत. शिवाय आलची ३,१०० च्या आसपास, लेहपेक्षा खाली. काही जण विमानतळावरून थेट तिकडेच जाऊन पहिल्या दोन रात्री काढतात, मग लेह. वयस्क माणसांना हे सगळ्यात सोपं जातं.

रावेरची_केळी
जेवणाचं कोणी बोललंच नाही. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. दशम्या, शेव, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे घ्या. पहिल्या दिवशी मळमळ होते तेव्हा घरची दशमीच पोटात राहते. आणि पाणी पीत राहा, कोरड्या हवेत तहान कळत नाही. मायबापले सांभाळीसन ली जा, ताई.

सातपुडा_भटका
ताई, बाईकचं सोडा, पण एक कामाचं. तुमच्या टूरवाल्याला विचारा गाडी कुठली. बाहेरच्या टॅक्सीला लडाखमध्ये फिरवू देत नाहीत, तिथल्या युनियनचीच गाडी लागते. त्याने "आमची गाडी" सांगितलं असेल तर कोणाची, ड्रायव्हर लडाखी आहे का, सिलिंडर भरलेला आहे का आणि मास्क आहे का, हे लेखी घ्या. लडाखी ड्रायव्हर माणसाच्या चेहऱ्याकडे बघून गाडी वळवतो. आणि विमानाची तिकिटं सकाळचीच असावीत. दुपारी लेहला वारा सुटतो, विमानं रद्द होतात.

मेहरूणकाठ
आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले, कागद घेऊनच. बाबांची टीएमटी आणि इको बुधवारी. ते म्हणाले रिपोर्ट चांगले आले तर लेह आणि नुब्रा चालेल, पँगाँगचा मुक्काम नाही. आईची गोळी साधी निघाली. डायमॉक्सचं रिपोर्ट बघून सांगतो म्हणाले.

टूरवाल्याशी बोलले. आधी म्हणाला ग्रुपचा कार्यक्रम बदलत नाही. मग मी म्हटलं आमची चार माणसं कमी करा. तासाभराने त्याचाच फोन, ग्रुपमधल्या आणखी एका कुटुंबातही आजोबा आहेत, दोन्ही कुटुंबांना वेगळी गाडी देतो. पहिल्या दोन रात्री आलची, मग एक लेह, मग दोन हुंडर, शेवटच्या दिवशी पहाटे हुंडरहून निघून विमान. पैसे बुधवारनंतर भरणार, त्याने मान्य केलं.

तापीकाठ
सगळं छान, फक्त शेवटचं नको. हुंडरहून विमानतळ म्हणजे पहाटे खारदुंग ला ओलांडायचा; दरड किंवा बर्फाने रस्ता अडला की विमान गेलं. हुंडरची एक रात्र कमी करा आणि शेवटची रात्र लेहलाच. आणि तिथे पोचल्यावर कोणाचं डोकं दुखलं, उलटी झाली तर वर जायचं नाही, आहात तिथेच थांबायचं. चालताना तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता खाली, लेहमध्ये असाल तर सरळ सोनम नोरबू हॉस्पिटल.

मेहरूणकाठ
हो, हे आत्ताच कळवते त्याला. रात्र बदलून घेते. दादा, एक राहिलंच, आमचे चौघांचे फोन प्रीपेड आहेत. तिथे चालतील ना?

भुसावळकर
नाही चालणार, बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये बंद पडतं. निदान तुमचा आणि बाबांचा नंबर पोस्टपेड करून घ्या, उद्याच. आणि रिपोर्ट काय आले ते बुधवारी इथे लिहा.