समुद्री मीठ, शेंदेलोण की साधं बारीक मीठ? सल्ला हवा आहे

केतकीवन
नमस्कार मंडळी. घरात सध्या मिठावरून दोन तट पडले आहेत. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, रोजची गोळी चालू आहे. बहिणीचं म्हणणं, पांढरं बारीक मीठ म्हणजे नुसतं रसायन, त्यात काही राम नाही. प्रक्रिया न केलेलं समुद्री मीठ खाल्लं तर खनिजं मिळतात आणि रक्तदाबही वाढत नाही. ती जाडसर, करडं मीठ घेऊनही आली आहे. भाऊ म्हणतो, घ्यायचं तर गुलाबी घ्या, ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं म्हणून शुद्ध. वहिनीला पाचवा महिना चालू आहे आणि स्वयंपाक सगळ्यांचा एकत्रच होतो, म्हणून डब्यातलं मीठ बदलण्याआधी नीट विचारून घ्यावं असं वाटलं. समुद्री मीठ खरंच जास्त चांगलं असतं का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फिरून आलेले संदेश नकोत, ते सगळे वाचून झाले आहेत.

रानवारा
आमच्याकडे समुद्री मीठच असतं. पदार्थ तयार झाल्यावर वरून भुरभुरलं की दाताखाली मस्त लागतं. चवीला पूर्ण मार्क. दमट हवेत मात्र पाणी सुटतं, बरणी घट्ट लावून ठेवावी लागते. आरोग्याचं जाणकार सांगतील.

पुनर्वसू
केतकीवन, मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आधी खनिजांबद्दल लिहिते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत जातं तसे ते सगळे एकदम खाली बसत नाहीत, ठरलेल्या क्रमाने बसतात. आधी चुन्याचे क्षार, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरलं की मीठ धरू लागतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार मात्र अगदी शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. मीठ ओढून घेतल्यावर मिठागरात जे कडूजार पाणी उरतं ना, त्यात ही खनिजं असतात, आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे ज्या खनिजांसाठी तुमची बहीण समुद्री मीठ घेते आहे, त्यांतली बहुतेक मिठाबरोबर आलेलीच नसतात.

करड्या, ओलसर मिठाला त्या पाण्याचा थोडा अंश चिकटलेला असतो. रानवारा, तुमच्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेतं. किंचित कडवट झाकही त्याचीच. पण प्रमाण बघा. मिठात मॅग्नेशियम अगदी अर्धा टक्का आहे असं धरलं, तरी ५ ग्रॅम मिठातून २५ मिलिग्रॅम मिळेल. मोठ्या माणसाची रोजची गरज ३०० ते ४०० मिलिग्रॅमची. मूठभर बदामांत या २५ च्या तिप्पट मॅग्नेशियम असतं, आणि त्यासाठी कणभरही सोडियम जास्त खावं लागत नाही.

भावाला सांगा, गुलाबी मीठ म्हणजे शेंदेलोणच. जगात विकलं जाणारं बरंचसं गुलाबी मीठ पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतून येतं. तो थरसुद्धा एका प्राचीन समुद्राचं पाणी आटूनच तयार झालेला आहे, त्यामुळे वंशावळ काढली तर तेही समुद्री मीठच. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्या लोहाने हिमोग्लोबिन वाढेल अशी आशा कृपया कुणी ठेवू नका, वहिनींच्या बाबतीत तर मुळीच नको.

रक्तदाबाशी संबंध सोडियमचा. बारीक, जाडं, करडं, गुलाबी, सगळ्यांत बहुतेक भाग सोडियम क्लोराइडचाच. वजनाला वजन मोजलं तर सोडियममध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही.

रानवारा
पण जाड्या मिठात सोडियम कमी असतं असं पाकिटावर तक्ता दाखवून सांगतात, ते कसं?

पुनर्वसू
तो चमच्याचा खेळ आहे. बारीक मीठ चमच्यात दाबून बसतं, लहान सपाट चमचा ५-६ ग्रॅमचा भरतो. पापुद्र्यांसारखं हलकं मीठ असेल तर मध्ये हवा राहते आणि तोच चमचा जवळपास निम्म्या वजनाचा होतो. तक्ता चमच्याच्या मापाने दिला की सोडियम निम्मं दिसतं. स्वयंपाकात आपण चवीनुसार मीठ घालतो, त्यामुळे आळणी लागलं की हात पुन्हा बरणीकडे जातोच. वरून भुरभुरताना जाडं मीठ जिभेला जरा ठसठशीत लागतं, तिथे थोडक्यात भागू शकतं, इतकंच.

लोहगोल
बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून सायनाइड घालतात, हे खरं आहे का? माझ्या घरी याच भीतीने मीठ बदललं.

पुनर्वसू
लोहगोल, त्या पदार्थाचं नाव पोटॅशियम किंवा सोडियम फेरोसायनाइड. यातला सायनाइड लोहाशी इतका घट्ट बांधलेला असतो की पोटात तो सुटा होऊन विष व्हावं असं घडत नाही. शिवाय ते किलोमागे काही मिलिग्रॅम इतकंच घालतात आणि त्याला कायद्याची मर्यादा असते. सगळ्याच मिठांत हा पदार्थ नसतो, पाकिटावर बघता येतं. उलट शुद्धीकरण न झालेल्या मिठात माती, रेती आणि प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण येऊ शकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतल्या ३९ मिठांपैकी ३६ मिठांत असे कण सापडले, आणि समुद्री मिठात त्यांचं प्रमाण खडकातल्या मिठापेक्षा जास्त निघालं. त्यासाठी घाबरून जाऊ नका, पण ‘प्रक्रिया नाही म्हणजे शुद्ध’ हे समीकरण काही खरं नाही.

सांजसावली
मी आहारतज्ज्ञ आहे. पुनर्वसूंनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. मला वहिनींची जास्त काळजी वाटते आहे, म्हणून आयोडीनबद्दल लिहिते.

समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं पुष्कळ सुशिक्षित लोकही धरून चालतात. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण लिटरमागे साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम. आता हिशेब करा. ३५ ग्रॅम क्षारांमागे एवढं, तर ५ ग्रॅम मिठामागे फार तर ८-९ मायक्रोग्रॅम, आणि तेसुद्धा सगळं मिठात उतरलं असं धरून. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतं. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते आणि थायरॉइडला आयोडीनच लागतं. इथे हयगय परवडणारी नाही.

मिठात आयोडीन मिसळायची सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली झाली. डोंगराळ भागातल्या मुलांचे गळे गलगंडाने सुजलेले असायचे, ते चित्र यामुळे पालटलं. आज ते रोग आपल्या डोळ्यांसमोर दिसत नाहीत म्हणून मिठातलं आयोडीन बिनमहत्त्वाचं वाटू लागलं आहे, आणि ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर लोक ते सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ. समुद्री मीठ आवडत असेल तर आयोडीन मिसळलेलं समुद्री मीठही मिळतं, ते घ्या. वहिनींना थायरॉइडचा त्रास असेल तर आयोडीनचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

केतकीवन
सांजसावलीताई, पुनर्वसूताई, मनापासून आभार. वहिनीला थायरॉइडचा त्रास नाही. करडं मीठ बाजूला ठेवलं आहे. आता आईचं. कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणलं तर चालेल का? आई टेल्मिसार्टन घेते.

सांजसावली
गोळीचं नाव दिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या बाबतीत सगळं त्यावरच अडतं.

त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. आयोडीनची गोष्ट सोडली, तर मिठाच्या प्रकाराने आरोग्यात खरा फरक पडतो, असा भक्कम पुरावा याच एका मिठाबद्दल आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियमचं, असं मिश्रण खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. त्यातले सगळे जण आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे रक्तदाबाचे रुग्ण होते.

पण टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम मुळातच थोडं वाढतं. त्यात मूत्रपिंडं कमकुवत असतील तर ते बाहेर टाकलं जात नाही, साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी काही जाणवतही नाही, म्हणून जास्त धोका. आईंच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या, अहवाल डॉक्टरांना दाखवा, आणि ते हो म्हणाले तरच आणा. वहिनींसाठीही तोवर नको, आणि आणलंत तर त्यात आयोडीन आहे ना ते पाहा.

तोवर एवढं करा. दिवसाचं सगळं मिळून माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. यात पाकिटातल्या खाऊचं, सॉसचं, पावाचं मीठही धरायचं. ताटात वरून मीठ घेणं बंद. फोडणीतलं मीठ एकदम निम्मं करू नका, आईंना जेवण जाणार नाही. चिमटीचिमटीने कमी करत गेलात तर काही आठवड्यांत जीभ सरावते. आंबट आणि मसाल्याची चव वाढवली की मिठाची उणीव कमी भासते.

लोहगोल
आयोडीनचं मीठ उघड्या बरणीत चुलीशेजारी ठेवलं तर आयोडीन उडून जातं का?

सांजसावली
सगळं नाही, पण ऊन, ओल आणि उष्णतेने कमी होत जातं. झाकणाची बरणी, चुलीपासून लांब, आणि शक्य तिथे मीठ शेवटी घालायचं.

केतकीवन
बरणी आजच हलवते. एक शेवटचं, पाकिटांवर मीठ नाही, नुसतं सोडियम लिहिलेलं असतं. ते ५ ग्रॅममध्ये कसं धरायचं?

पुनर्वसू
सोडियमला अडीचने गुणा. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर २ ग्रॅम मीठ. आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, ते आधी बघा. लहान वाढप लिहिलं की तोच पदार्थ कमी खारट वाटतो.