'कोटा फॅक्टरी' दहावीच्या मुलांसोबत पाहावी का?

खडूफळा:
कोट्यातल्या जेईई (इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) क्लासेसवरच्या या वेबमालिकेचे तिन्ही सीझन संपवले, पण मत काही एका जागी बसत नाही. तपशील चोख आहेत. सत्राच्या मध्यात आलेला नायक वैभव खालच्या ए-10 बॅचमध्ये पडतो आणि त्या आकड्यावरूनच त्याची पत ठरते. क्लासचं सगळं गणित पहिल्याच एपिसोडमध्ये कळतं. पण मुलांचा लाडका सर जीतू भैया बोलायला लागला, की मागे संगीत चढतं आणि प्रत्येक अडचण 'तू शिस्त लाव' इथे येऊन मिटते. जेईईच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना ही दाखवावी का? आणि यातलं आज किती लागू आहे?

चौथा बाक:
दाखवा, पण पहिला सीझन एप्रिल 2019 चा आहे हे सांगून. जेईई मेनचा, म्हणजे पहिल्या टप्प्याचा, पेपर तेव्हासारखा राहिलेला नाही. आता 75 प्रश्न, 300 मार्क. बरोबरला 4, चुकलं तर उणे 1. 2025 पासून पर्यायी प्रश्न गेले, म्हणजे प्रत्येक विषयाचे 20 बहुपर्यायी आणि 5 संख्यात्मक सगळेच सोडवायचे, आणि संख्यात्मकलाही उणे मार्क आहेत. जुने पेपर तसेच्या तसे सोडवणाऱ्यांची वेळेची सवय इथे बिघडते. अ‍ॅडव्हान्स्ड ही आयआयटीसाठीची पुढची परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, त्यामुळे ड्रॉप (बारावीनंतर तयारीसाठी थांबायचं वर्ष) एकच.

खरा घात बारावीत होतो. आयआयटीला खुल्या वर्गासाठी 75 टक्के (एससी, एसटीला 65) किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. क्लासशी संधान असलेल्या टाय-अप कॉलेजात नावापुरतं नाव घालून बोर्डाचं पुस्तकच न उघडणारे इथे अडकतात. आपल्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, एमएचटी-सीईटीचा, बाज तर आणखी वेगळा: फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, उणे मार्क नाहीत. तिथे खोलीपेक्षा वेग लागतो. त्याचा सराव वेगळा करावा लागतो. 'जेईई केली की सीईटी होतेच' हे अर्धसत्य आहे.

उंटावरचा शहाणा:
जीतू भैयाबद्दल सहमत. इनऑर्गॅनिक केमिस्ट्री नावडतं म्हणून '21 दिवस कर, सवय लागेल' हा सल्ला ऐकायला झकास आहे. पण तो आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं, की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं आणि नियम तयार झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, तेही 18 ते 254 अशा पसाऱ्यात. बाविसाव्या दिवशीही पी-ब्लॉक (इनऑर्गॅनिकमधला पाठांतराचा धडा) उघडावासा वाटला नाही, तर पोरगं स्वतःलाच आळशी ठरवतं. तोटा तो.

आणि एक गंमत: कोचिंगच्या कारखान्यावर बोट ठेवणाऱ्या पहिल्या सीझनची प्रायोजक होती अनअकॅडमी! कोचिंगवाल्यांचीच कंपनी. व्यवस्थेवरचा राग शेवटी 'चांगला सर शोध' इथे का येऊन थांबतो, याचं थोडं उत्तर त्यात असावं. काळापांढरा रंग मात्र दिखाऊ वाटत नाही. सोमवार आणि गुरुवार वेगळा ओळखू येत नाही, ते त्यातून बरोबर उतरतं. मुलींच्या वाट्याला पहिल्या सीझनमध्ये फारच थोडं येतं; तिसऱ्यात तिलोत्तमा शोमची पूजा दीदी येईपर्यंत शिकवणारी बाई ठळकपणे दिसतच नाही.

पाटीपेन्सिल:
दुसऱ्या सीझनचा शेवटचा एपिसोड आधी मोठ्यांनी एकट्याने पाहावा. निकालाचा जल्लोष आणि आत्महत्येची बातमी त्यात एकमेकांना लागून येतात. मुलांसोबत पाहिलात, तर लगेच पुढचा भाग लावू नका. टीव्ही बंद करून 'तुझ्या वर्गात कोणी असं एकटं पडलंय का?' एवढंच विचारा. 'तू असं काही करणार नाहीस ना?' हा प्रश्न नको, त्याला मूल ठरलेलं उत्तर देतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्रीजवर लावून ठेवा, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात.

मालिका पाहून क्लास ठरवणार असाल, तर कोचिंग क्लासेससाठीची केंद्र सरकारची जानेवारी 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं काढून वाचा. 16 वर्षांखाली प्रवेश नाही, दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त शिकवणं नाही, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत, होस्टेल-मेसचे पैसेही त्याच हिशोबाने. काउंटरवर 'आमच्याकडे तसं नसतं' म्हणतात. तेव्हा परताव्याचा नियम पावतीच्या मागे लिहून मागा. लिहून देईनात, तर दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका.