पोटॅशियम उतरून पाय लुळे पडतात: सलाईननं लुळेपणा वाढला कसा?

कोथरूड_फिजिओ:
पेशंट 24 वर्षांचा, वजन 60 किलो. पाडव्याला दुपारी श्रीखंड-पुरी, संध्याकाळी क्रिकेट. पहाटे मांड्या उचलेनात. रक्तातलं पोटॅशियम 2.3 इतकं कमी. डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) सलाईनमधून पोटॅशियम दिलं तर हातही गळाले. मामालाही असं व्हायचं, आईला कधीच नाही. पुढच्या वेळी काय करावं?

चेतापेशी:
हा हायपोकॅलेमिक पीरिऑडिक पॅरालिसिस वाटतो, म्हणजे पोटॅशियम उतरून अधूनमधून येणारा लुळेपणा; तो डेक्स्ट्रोजनंच वाढला असणार. साखरेमुळे इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम स्नायूपेशीत ढकललं जातं. शरीरातून ते गेलेलं नसतं, फक्त जागा बदलते. या आजारात बहुतेकदा स्नायूपेशीच्या कॅल्शियम चॅनेलच्या (आयन म्हणजे विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या), कधी सोडियम चॅनेलच्या जनुकात दोष असतो. चॅनेलच्या भलत्याच वाटेनं धन आयन आत झिरपत राहतात. बाहेरचं पोटॅशियम उतरलं की ही गळती वरचढ होते, पेशीचा विद्युतदाब उणे 85च्या आसपासहून उणे 60 मिलिव्होल्टवर येऊन अडकतो, सोडियम चॅनेल मिटून बसतात. नसेचा संदेश पोचतो, स्नायू दाद देत नाही.

गिळता येत असेल तर तोंडानंच द्यावं: पोटॅशियम क्लोराईड, किलोमागे 0.5 ते 1 मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). सिरपच्या 15 मिलीत 20 असतील (लेबल वाचाच) तर याला साधारण 22 ते 45 मिली, भरपूर साध्या पाण्यात. सरबतात मुळीच नको. अर्ध्या तासानं फरक नसेल तर किलोमागे 0.3, 24 तासांत 200च्या वर नाही. हळू विरघळणाऱ्या गोळ्या अटॅकमध्ये कामाच्या नाहीत. शिरेतून द्यावंच लागलं तर मॅनिटॉलच्या सलाईनमधून (त्यानं इन्सुलिन वाढत नाही), ईसीजी मॉनिटरवर. घरी देणं फक्त निदान पक्कं झाल्यावर, किडनी ठीक असताना आणि डॉक्टरांनी डोस लिहून दिला असेल तरच. श्वास किंवा गिळणं अडलं तर थेट इमर्जन्सी.

थायरॉइडवाला:
घराण्यातलं आहे म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) टाळू नका. थायरॉइडचं हार्मोन वाढलेल्या तरुण पुरुषांत हुबेहूब हेच दिसतं. तिथे प्रोप्रानोलॉल हे औषध लागतं आणि पोटॅशियम जास्त दिलं तर नंतर ते उसळी मारतं. लघवीतलं पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही बघा, किडनीचा दोष त्यात सापडतो. आईला त्रास नाही यावर जाऊ नका: दोष असूनही बायकांत तो अनेकदा दिसत नाही.

कोथरूड_फिजिओ:
व्यायाम बंद करू का?

चेतापेशी:
नको. अटॅक व्यायामात येत नाही, नंतरच्या विश्रांतीत येतो. खेळ एकदम थांबवून झोपू नये, हळूहळू उतरावं, रात्री गोडधोड टाळावं. अटॅक वारंवार आले तर ते टाळायला अॅसिटाझोलामाइड हे औषध, पण सोडियम चॅनेलचा दोष असलेल्या काहींना त्यानं उलट वाढतं, म्हणून जनुक तपासणी आधी. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा.