पात्राच्या तोंडावर रंगाचा थर चढला की अंगावर काटा का येतो?

तापीकाठ:
जर्मन लेखक थॉमस मान यांची 'डेथ इन व्हेनिस' (१९१२) ही छोटी कादंबरी परवा संपवली. उतारवयातला लेखक एका कोवळ्या पोरापायी खुळावतो, न्हाव्याकडे जाऊन केस काळे करून घेतो, गालांवर लाली चढवून घेतो. शहरात पटकी पसरलीय, पण मला भीती वाटली ती त्या लालीची.

लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाच्या राहुटीमागे डोकावलो होतो. राजाचं काम करणारा खोबरेल तेलाने तोंड पुसत बसलेला. अर्धं तोंड गुलाबी, अर्धं त्याचं स्वतःचं, आणि कान काळेच. त्या रात्री जेवण गेलं नाही. माझं मत, कथेत भूतखेत नको. पात्राच्या तोंडावर एक थर जास्त द्या, पुरे.

खापरवरची:
भो, तुन्हं म्हननं पटनं नही. 'एक थर जास्त' हा लेखकाचा आळस. कथेत पन्नाशीच्या बाईने लिपस्टिक लावली की ती एक तर कुंटीण, नाहीतर डोक्यावर परिणाम झालेली. माझी मावशी भुसावळहून रोज गाडीने कामाला जाते, मे महिन्यातसुद्धा गडद लिपस्टिक लावून. तिला बघून कुणी दचकत नाही, उलट तिच्यासाठी जागा धरून ठेवतात.

मानचं जमलं कारण त्याने आधी पेरून ठेवलंय. सुरुवातीलाच बोटीवर असाच एक रंगवलेला म्हातारा या लेखकाला दिसतो, त्याला शिसारी येते. पुढे तो स्वतःच तसा होऊन बसतो. काटा येतो तो त्याने.

तापीकाठ:
बोटीचं मान्य. पण जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच मांडलंय ना, की जवळजवळ माणसासारखं पण पुरतं माणूस नसलेलं काही दिसलं की मन बिचकतं. थर तेच करतो.

गॅसबत्ती:
मोरी रोबोट आणि कृत्रिम हातांबद्दल बोलत होते, मावशीबद्दल नाही 😀

आमच्या घरात तमाशा होता म्हणून सांगतो. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या माणसालाही डोळे-भुवया दिसाव्यात यासाठी तो थर. तिथून तो चेहरा देखणाच दिसायचा. तू राहुटीमागे गेलास, चूक तुझी! कथेतही तेच, लेखक वाचकाला किती जवळ नेऊन उभा करतो यावर सगळं आहे.

आणि भ्यायचंच असेल तर हे ऐक. पूर्वी तोंडाला लावायच्या सफेद्यात मुरदाडशिंग नावाची पूड कालवायचे. त्यात शिसं असतं. आमचे आजोबा फड सुटल्यावरही शेवटपर्यंत गाल खाजवत बसायचे.

खापरवरची:
मग हे लिहा ना भाऊ. रंगवलेल्याकडे बघून घाबरणारे ढीगभर झाले.

तापीकाठ:
मान तरी आरशासमोरच बसवतो त्याला. बरं, अर्धं मान्य. पण कान का सोडायचे?

गॅसबत्ती:
लांबून कान कोण बघतं? रंगाला पैसे पडायचे.