मरीन (खाऱ्या पाण्याचा) फिश टँक: ११ दिवसांत चार मासे गेले, पाण्याचे आकडे ठीक, कोळंबी ठणठणीत. नक्की काय झालं?

गोदाकाठ_रीफ:

टँक नाशिकला इंदिरानगरात, घरात. ९०×४५×४५ सेंमी, दगड-वाळू वजा जाता सुमारे १५० लिटर पाणी. आठ महिने झाले चालू आहे. हँगऑन स्किमर (फेसातून घाण काढणारा), दोन वेव्हमेकर (पाणी फिरवणारे पंप), १८ किलो लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया असलेले दगड). पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ४०.

आजचे आकडे: सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५ (विशिष्ट गुरुत्व, रिफ्रॅक्टोमीटरनं), तापमान सकाळी २८, संध्याकाळी ३०, पीएच ८.१, अमोनिया ०.२५, नायट्राइट ०, नायट्रेट १५.

आधी दोन ओसेलारिस क्लाउन, एक रॉयल ग्रामा आणि दोन हिरवे क्रोमिस होते. त्यात चार इंची रीगल टँग आणून थेट सोडला. सहाव्या दिवशी तोच मेला, आठव्या दिवशी दोन्ही क्रोमिस, काल अकराव्या दिवशी एक क्लाउन. मरण्याआधी सगळ्यांचं सारखंच: खाणं बंद, श्वास जोरात, वेव्हमेकरच्या झोतात तोंड करून उभं राहणं. अंगावर पांढरे ठिपके दिसले नाहीत. उरलेला क्लाउन आजपासून तेच करतोय, ग्रामा कपारीत बसून आहे. क्लीनर श्रिंप (कोळंबी), सहा गोगलगायी, तीन हर्मिट खेकडे आणि झोअँथस (प्रवाळासारखे जीव) मात्र अगदी मजेत.

दोनदा २५ टक्के पाणी बदललं, अमोनिया रिमूव्हर टाकला. दुकानातून सल्ला मिळाला की कॉपरचं (तांब्याचं) औषध टँकमध्येच टाका. टाकू का? की हा सगळा एप्रिलच्या उन्हाचा परिणाम आहे?

खारा_हिशोब:

कॉपर मुख्य टँकमध्ये अजिबात टाकू नका. श्रिंप, गोगलगायी मरतील. शिवाय दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे औषधाची पातळी टिकत नाही आणि मासेही वाचत नाहीत.

कोण मेलं यापेक्षा कोण जिवंत आहे ते आधी बघा. श्रिंप हा टँकमधला सगळ्यात नाजूक जीव. तांबं, डास मारायचं लिक्विड, पेस्ट कंट्रोल, बागेतली फवारणी यांतलं काहीही पाण्यात गेलं असतं तर पहिला बळी त्याचा गेला असता. सॅलिनिटी एकदम वर-खाली झाली असती तरी तोच आधी गेला असता. तो खुशाल फिरतोय आणि मासे एकेक करून जातायत, म्हणजे फक्त माशांना धरणारं काहीतरी टँकमध्ये आलंय. नवा मासा आल्यावर सहाव्या दिवशी सुरुवात झाली, तेही याच्याशी जुळतं.

०.२५ अमोनियाच्या मागे लागू नका. पीएच ८.१ आणि या तापमानाला त्यातला खरा विषारी अमोनिया जेमतेम सहा-सात टक्के, म्हणजे ०.०२ च्या आसपास. चार मासे मारायला तेवढा पुरत नाही. त्यातून रिमूव्हर टाकल्यावर बांधला गेलेला अमोनियाही बऱ्याच किटमध्ये दिसतो. खात्री करायची तर नुकतंच कालवलेलं खारं पाणी त्याच किटनं तपासा. तिथेही ०.२५ आलं तर तो किटचा रंग, टँकचा अमोनिया नव्हे.

उन्हाचा हात आहे, पण तो मारेकरी नाही. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम, ३० अंशांना ६.२. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणून त्यातून आणखी सहा-सात टक्के वजा करा. कल्ले निरोगी असतील तर मासा एवढ्यात भागवतो. कल्ल्यांना काही झालं असेल तर नाही भागवत.

आज रात्री एक करा. दिवे बंद करून खोली दोन तास काळोखात ठेवा. मग टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून, क्लाउनच्या अंगावरून तिरका झोत पाडा. समोरून मारलात तर काहीच दिसणार नाही. त्याच्या पट्ट्यांच्या काळ्या कडांवर आणि पाठीच्या परावर बघा. मीठ भुरभुरल्यासारखे मोजता येतील असे दाणे असतील तर व्हाइट स्पॉट, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. हळदीचं बोट फिरवल्यासारखी बारीक पिवळट धूळ चमकली तर व्हेल्वेट. आणि कातडी सुटल्यासारखा पांढरा चिकट पदर लोंबत असेल तर ब्रुकलिनेला, जो क्लाउनमध्ये जास्त दिसतो. एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात तेही मोजा.

गोदाकाठ_रीफ:

बघितलं. पट्ट्यांच्या काळ्या कडांवर धूळ आहे, झोत तिरका केल्यावरच सोनेरी चमकते. कल्ल्यांची मोजणी १४०. ग्रामाच्या जांभळ्या भागावर काही दिसत नाही, मोजणी ९०.

खारा_हिशोब:

मग व्हेल्वेट, अमायलोडिनियम. हे आधी कल्ल्यांत शिरतं, म्हणून अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरतो. माशावर काही दिवस पोसून परजीवी तळाला गळतो, तिथे त्याचं कवच होतं आणि एका कवचातून २५६ पर्यंत पोहणारी पिल्लं सुटतात. म्हणून पहिला मासा गेल्यावर पुढचे भराभर जातात. तुमच्याकडे तासांचा हिशोब आहे, दिवसांचा नाही. ग्रामालाही धरूनच चला.

आत्ता लगेच दोन एअरस्टोन जोरात लावा आणि एक वेव्हमेकर वर वळवून पृष्ठभाग ढवळता ठेवा. टँकचा दिवा बंदच असू द्या. अंधारानं ते मरत नाही, पण वेग थोडा कमी होतो.

हॉस्पिटल टँकला काच लागत नाही. ५०-६० लिटरचा, अन्न साठवायचा प्लास्टिक टब चालतो. त्यात स्पंज फिल्टर, एक एअरस्टोन, थर्मामीटर आणि लपायला दोन-अडीच इंची पीव्हीसी एल्बो. दगड, वाळू, सिरॅमिक रिंग, कार्बन यातलं काही नको, सगळे तांबं खातात. सॅलिनिटी आणि तापमान मुख्य टँकएवढंच.

मासे हलवताना मध्ये पाच मिनिटांचं गोड्या पाण्याचं स्नान द्या. आरओचं पाणी टँकच्या तापमानाला आणा, अर्धा तास एअरस्टोन चालवा, खायचा सोडा चिमूट-चिमूट टाकत पीएच टँकएवढा करा. ही पायरी गाळू नका: आरओच्या पाण्याला पीएच धरून ठेवता येत नाही, आणि पीएचचा झटका खाऱ्या पाण्याच्या अभावापेक्षा जास्त लागतो. मासा आडवा पडला तरी थोडं थांबा, घाबरून पळाला तरी थांबा, पण कल्ले हलायचे थांबले तर लगेच बाहेर. स्नानानं रोग जात नाही, कल्ले थोडे मोकळे होतात आणि औषध लागू पडेपर्यंतचा वेळ मिळतो.

औषध म्हणून चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेलं तांबं) घ्या. पहिल्या २४ तासांत १.५ ते २.० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), ४८ तासांत २.२५ ते २.५. टबाचे लिटर बादलीनं मोजून भरा, अंदाजानं नको. बाटलीवरचा डोस दोन भागांत टाका आणि दर वेळी किटनं तपासा. २.० च्या खाली गेलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. पातळी गाठल्यापासून १४ दिवस, मग मासे दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या टबात नव्या पाण्यात. दुसरा टब नसेल तर त्याच टबात पूर्ण ३० दिवस. कारण तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, तळाच्या कवचाला आणि माशावर बसलेल्याला नाही.

आणि अमोनिया रिमूव्हर त्या टबाच्या आसपासही नको. त्यातली रसायनं तांब्याचं रूप बदलतात आणि तेच तांबं माशाला विषारी होतं. अमोनिया चढला की १५ लिटर पाणी बदला, आणि नवं पाणी आधीच २.२५ पीपीएम करून मगच ओता.

तांबट_गल्ली:

वरच्या सगळ्याला दुजोरा. कॉपरबद्दल थोडी भर, कारण नाशकात लोक हमखास इथे चुकतात.

द्राक्षबागेला बोर्डो (बुरशीनाशक मिश्रण) करायला मिळतं ते मोरचूद वापरू नका. तेही कॉपर सल्फेटच, पण शेतीच्या प्रतीचं, शुद्धतेची हमी नाही. शिवाय सुटं आयनिक तांबं खाऱ्या पाण्यात कार्बोनेटबरोबर खाली बसतं. त्याची कामाची पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम एवढीच अरुंद: खाली गेलं तर उपयोग शून्य, वर गेलं तर मासाच मरतो. दिवसातून दोनदा मोजायची तयारी नसेल तर चिलेटेडच बरं. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका, चिलेटेडचं २.२५ हे आयनिकसाठी मरणाचं प्रमाण आहे. किट घेताना ते चिलेटेड कॉपर आणि २.५ च्या पुढचा आकडा दाखवतं का, ते विचारून घ्या.

क्लोरोक्विन फॉस्फेट लिटरला १० ते १५ मिलिग्रॅम याप्रमाणे व्हेल्वेटवर चालतं, पण माणसांच्या गोळ्यांत भराव आणि लेप असतो, पाणी गढूळ होऊन ऑक्सिजन पडतो. मुख्य अडचण म्हणजे पाण्यात किती उरलंय हे घरी मोजता येत नाही. कॉपर मोजता येतं, म्हणून मी कॉपरच्या बाजूचा.

तुमचा आरओ ‘कॉपर’वाला आहे का, तेही बघा. हल्ली बऱ्याच प्युरिफायरमध्ये पाण्यात तांबं सोडणारी कार्ट्रिज असते. यावेळी श्रिंप जिवंत आहे म्हणजे तिचा दोष नाही, पण रीफ टँकसाठी ती काढून टाका किंवा त्याआधीच्या पाइपमधून पाणी घ्या. मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस कंट्रोलरलाही तोच नियम. ४० टीडीएस म्हणजे मेम्ब्रेननंतर बहुधा परत काहीतरी मिसळतंय. पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) एक टप्पा जोडलात तर शून्यावर येईल. मीठ कालवायला तांब्या-पितळेचं काहीही नको, ढवळायला पळीसुद्धा नको.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यानं शून्यावर लावला असेल तर ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग मीठ) तो चुकू शकतो. ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवा, ते ३५ पीपीटी दाखवायला हवं. मिलिग्रॅमची नाही, पण ०.१ ग्रॅमची वजनकाटी लागेल.

गोदाकाठ_रीफ:

दोन्ही मासे टबात गेले, कॉपर १.६ वर आहे. क्लाउनची मोजणी १४० वरून ११५. आरओ ‘कॉपर’वालाच निघाला, कार्ट्रिज काढली. दोन प्रश्न: मुख्य टँक माशांशिवाय किती दिवस ठेवू? कुठे सहा आठवडे म्हणतात, कुठे ७६ दिवस. आणि पंखा लावला तर पाणी फार उडतं, मग सॅलिनिटीचं काय?

खारा_हिशोब:

७६ दिवस हा आकडा व्हाइट स्पॉटचा. व्हेल्वेटला २७ अंशांच्या आसपास सहा आठवडे पुरतात. तुम्हाला मिठाचे दाणे दिसले नाहीत, पण टँग थेट दुकानातून आला होता आणि असे मासे दोन्ही रोग एकत्र आणू शकतात. श्रिंपला घाई नाही, तुम्हालाही नसेल तर ७६ धरा. या काळात एकही मासा नको. ‘एवढुसा गोबी’सुद्धा परजीवीला पुरतो.

टब मुख्य टँकपासून तीन मीटरपेक्षा लांब ठेवा, जमलं तर दुसऱ्या खोलीत. एअरस्टोनचे उडणारे थेंब हवेच्या झोतानं जातात आणि त्यांतूनही हा रोग टँक बदलतो. जाळी, बादली, सायफनची नळी वेगवेगळी. आधी मुख्य टँकचं काम, मग टबाचं, उलट कधीच नाही.

पंख्याबद्दल: पाण्याच्या पातळीवरून आडवा वारा देणारे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे दोन-तीन अंश सहज उतरवतात. आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये रोज तीनेक लिटर पाणी जाईल. पाणी उडतं, मीठ नाही. पाच दिवस भर घातली नाही तर १५० चे १३५ लिटर होतात आणि ३५ पीपीटीचं जवळपास ३९. म्हणून काचेवर मार्करची रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत साधं आरओ पाणी घाला. भर घालायला खारं पाणी घेतलंत तर मीठ साचतच जातं. लाइट गेली तर पंखे आणि एअरपंप दोन्ही थांबतात, तेव्हा टबासाठी बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेवा. टबात ऑक्सिजन पडला तर आजारी कल्ल्यांना अर्धा तासही जड जातो.

निफाड_मरीन:

पुढच्या माशासाठी एक गोष्ट. मुंबईहून कसारा घाटातून येणारी पिशवी चार-पाच तास बंद असते. आत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच पडलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात दबलेला. पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसलात तर पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळतो. बऱ्याच दुकानांचं पाणी १.०१८-१.०२० असतं. फोनवर विचारून क्वारंटाइन टब आधीच तेवढा करून ठेवा, पिशवी १५ मिनिटं तापमानासाठी तरंगवा, मग मासा टबात आणि पिशवीतलं पाणी मोरीत. नंतर सॅलिनिटी रोज ०.००१ ते ०.००२ ने वर आणा. खाली उतरवणं माशाला सोपं जातं, वर चढवणं नाही.

आणि रीगल टँग पुन्हा घेऊ नका. तो ३० सेंमीपर्यंत वाढतो, ९० सेंमीच्या काचेत त्याला धड वळताही येत नाही, आणि ताणाखालचा टँग हे रोग सगळ्यात आधी धरतो.

गोदाकाठ_रीफ:

नोंद केली. श्रिंप आणि हर्मिटना या ७६ दिवसांत खायला द्यायचं का?

खारा_हिशोब:

हो. दोन-तीन दिवसांआड दोन-चार पेलेट, श्रिंपच्या जवळ चिमट्यानं. त्यांचं पोट भरतं आणि त्यातून निघणाऱ्या अमोनियावर दगडातले बॅक्टेरिया जगतात, नाहीतर मासे परत सोडाल तेव्हा फिल्टर रिकामा असेल. मासे घालायच्या आठवडाभर आधी थोडं शुद्ध अमोनियम क्लोराइड टाकून बघा. १५० लिटरला अर्धा ग्रॅम घातलं की सुमारे १ पीपीएम अमोनिया होतो, तो २४ तासांत शून्यावर यायला हवा. कल्हईचा नवसागर नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचंच घ्या. आज रात्री पुन्हा मोजणी करून इथे टाका, आणि कॉपर २.० ला कधी पोचलं ते वेळेसकट लिहा.