पॉइंटपेक्षा लाइन मोजा
नव्या स्वयंपाकघरात ओट्यावर सढळ हाताने विजेचे पॉइंट काढा, असं बरेच जण सांगतात, ते पटतं; पण सगळे एकाच लाइनवर (मेन बोर्डातून येणाऱ्या एकाच वायरीवर) असतील तर उपयोग काय? २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेते. जोडीला मायक्रोवेव्ह लागला की १६ अँपिअरच्या एमसीबीची (जास्त भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचची) मर्यादा संपलीच म्हणा. आम्ही सिडकोत घराची मागची बाजू वाढवली तेव्हा वायरमनने शेगडी, मायक्रोवेव्ह आणि घरघंटीला (हिला यादीत कोणी धरतच नाही!) वेगवेगळ्या लाइन ओढल्या, सिंकजवळच्या पॉइंटांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) दिला. प्लास्टरआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो मोजायची टेप लावून काढून ठेवा.

आणि महावितरणच्या बिलावर मंजूर भार (घराला किती किलोवॅटची मंजुरी आहे ते) छापलेला असतो, तो बघा. १ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या.