चार वर्षांच्या मुलीला पोहायला शिकवायचंय: विहीर की तलाव?

माडाखाली: मुलगी चार वर्षांची, गाव गुहागर तालुक्यात. घरची मोठी माणसं म्हणतात, मे महिन्यात पाठीला डबा बांधून विहिरीत सोडा, आठवड्यात पोहेल. पोहण्याचा तलाव तासाभराच्या वाटेवर. डबा चालेल का? आणि या वयात शिकवतात तरी काय?

काठावरचा: डबा नको. एवढ्याशा अंगावर दोर नीट बसत नाही. सरकून कमरेवर आला की कंबर वर आणि तोंड पाण्यात. दंडातल्या फुग्यांचीही वेगळीच खोड: पोर पाण्यात उभं राहून सायकल मारायला शिकतं, फुगे काढले की त्याच सवयीने खाली जातं. त्यात विहिरीचं पाणी गार आणि पाय टेकायला जागा नाही. एवढ्या मुलांना ३० ते ३२ अंशांचं पाणी बरं. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले की त्या दिवसाचं शिकणं संपलं.

खाजणवाट: हात मारणं सगळ्यात शेवटी. घरी टबात तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावा. श्वास पाण्यात सोडायचा, बाहेर येऊन घ्यायचा. मग तलावात, तिच्या छातीएवढ्या पाण्यात: काठावरून उतरायचं, हात सोडायचा, वळून परत काठ धरायचा. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मुलं पडतात ती काठाजवळच.

पुढे उताणं तरंगणं. इथेच बहुतेक मुलं अडतात. पाय दिसतात का बघायला डोकं उचलतात, की कंबर लगेच खाली. तुम्ही तिच्या डोक्यामागे उभे राहा, तळहात मानेखाली, कान पाण्यात, नजर तुमच्या तोंडाकडे. हात एकदम काढू नका. आधी दोन बोटं ठेवा, मग तीही सोडा. रोज तासभर नको, २०-२५ मिनिटं पुष्कळ.

माडाखाली: तलाव आणि सर कसे पारखायचे?

काठावरचा: तळाची जाळी वरून स्वच्छ दिसली पाहिजे. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर असं नाही. घाम-लघवीशी संयोग होऊन तो वास येतो. एका सरांमागे चारपेक्षा जास्त पोरं असतील तर दुसरी वेळ मागा. मुलीचा पोशाख भडक केशरी घ्या, निळा पाण्यात दिसतच नाही. आणि सर असले तरी तुम्ही हाताच्या अंतरावर, मोबाइल पिशवीत.

खाजणवाट: समुद्र या वयात शिकायला नाहीच. ओहोटीची ओढ आणि खाडीचं मुख, दोन्ही वाईट. नारळीपौर्णिमा झाली म्हणजे समुद्र निवला असंही धरू नका.

एक राहिलं. बुडालेल्या मुलाला उलटं टांगून पोट दाबतात, ते अजिबात करू नका. त्यात वेळ जातो आणि ओकारी फुप्फुसात जाते. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबून २ श्वास, असं चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच.